४२ की २९? हवाई दलाची ताकद मोजायची कशी

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडच्या तळावर मिग-२१ ला निरोप देण्यात आला. १९६३ साली याच शहरात ते हवाई दलात दाखल झालं होतं. म्हणजे बासष्ट वर्षांची नोकरी, सरकारी नियमापेक्षाही लांबलेली. त्या दिवसापासून एक आकडा सगळीकडे फिरतो आहे: हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन हव्यात, उरल्यात २९.

व्हॉट्सअ‍ॅपवर यावरून दोन तट पडतात. एक म्हणतो, आपण उघडे पडलो. दुसरा म्हणतो, ड्रोनच्या जमान्यात विमानं मोजता कसली? मला दोघांचंही अर्धवट पटतं. ४२ हा आकडा खोटा नाही, पण एवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. का, ते मुळापासून बघू.

स्क्वाड्रन म्हणजे किती विमानं?

स्क्वाड्रन म्हणजे एकाच प्रकारच्या विमानांची तुकडी. आपल्याकडे साधारण १६ लढाऊ विमानं आणि २ प्रशिक्षणाची, अशी १८ विमानं एका स्क्वाड्रनमध्ये धरतात. सोबत तिचे वैमानिक, तंत्रज्ञ, शस्त्रसाठा आणि सुटे भाग आलेच. नुसतं विमान विकत घेतलं की स्क्वाड्रन उभी राहत नाही. माणसं तयार व्हायला वर्षं जातात.

४२ चा आकडा येतो तो एका वाईट स्वप्नातून: पाकिस्तान आणि चीन दोन्हीकडून एकाच वेळी लढाई सुरू झाली तर? दोन्ही आघाड्या सांभाळायच्या तर एवढं बळ लागेल, असा तो अंदाज. तो मंजूर झाला, पण हवाई दल तिथे कधी नीट टिकलं नाही. जुनी विमानं ठरल्या वेळी निवृत्त होत गेली, नवी मात्र ठरल्या वेळी आली नाहीत.

आगारातल्या गाड्या आणि रस्त्यावरच्या गाड्या

एसटीच्या आगारात साठ गाड्या आहेत असं कागदावर असतं. सकाळी स्टँडवर उभं राहिलं की कळतं, दोन इंजिनकामाला गेल्यात, चार टायरसाठी थांबल्यात, एक पार्सिंगला. प्रवाशाला कामाची असते ती फलाटाला लागलेली गाडी. कागदावरच्या साठ गाड्यांनी कोणी गावाला पोचत नाही.

हवाई दलाचंही तसंच आहे. ताफ्यातली किती विमानं आज, आत्ता, शस्त्र लावून उडू शकतात, याला उपलब्धता म्हणतात. आपल्या ताफ्याचा कणा म्हणजे सुखोई-३०, साधारण २६० विमानं. मनोहर पर्रीकर २०१४ च्या अखेरीस संरक्षणमंत्री झाले तेव्हा सुखोईची उपलब्धता निम्म्याच्याही खाली होती. सुटे भाग वेळेवर येत नव्हते, रशियाशी नीट देखभाल करार नव्हते. त्यांनी त्याच्या मागे लागून ती साठ टक्क्यांच्या आसपास नेल्याचं स्वतःच सांगितलं होतं.

आता हिशेब करा. २६० विमानांची उपलब्धता दहा टक्क्यांनी वाढली की २६ विमानं जास्त उडतात. म्हणजे जवळपास दीड स्क्वाड्रन, एकही नवं विमान न घेता. या दीड स्क्वाड्रनचा ना उद्घाटन सोहळा होतो, ना पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी. म्हणूनच त्यांची बातमी होत नाही, असं माझं जरा कडवट मत आहे.

लढाई लांबली तर हा फरक आणखी वाढतो. पहिल्या दिवशी सगळेच जोरात असतात. दहाव्या दिवशी किती विमानं दिवसातून दोनदा उडू शकतात, तेव्हा कोठारात किती क्षेपणास्त्रं शिल्लक असतात आणि किती वैमानिक झोप झालेले असतात, ताकद तिथे कळते.

मे २०२५ मध्ये नवीन काय दिसलं?

ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, ७ मे २०२५ ला, दोन्ही देशांची मिळून बरीच विमानं हवेत होती आणि तरी ती एकमेकांच्या हद्दीत शिरली नाहीत. चित्रपटातल्यासारखी मागे-पुढे गिरक्या घेत झालेली ही झुंज नव्हती. दिसतही नाही इतक्या लांबच्या विमानावर क्षेपणास्त्र सोडायचं आणि वळून निघायचं. आपली काही विमानं सुरुवातीला पडली, हे सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे ला सिंगापूरमध्ये मान्य केलं, संख्या सांगितली नाही. चूक ओळखून, सुधारून दोन दिवसांत विमानं पुन्हा उडवली, असंही ते म्हणाले. ऑगस्टमध्ये हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं टेहळणी विमान पाडल्याचं सांगितलं. त्यातलं मोठं विमान जवळपास ३०० किलोमीटरवरून पाडलं, असा त्यांचा दावा. पाकिस्तान तो नाकारतो.

कोणी किती पाडली यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. मला ३०० किलोमीटर हे अंतर महत्त्वाचं वाटतं. मुंबईहून निघून पुणे, सातारा मागे टाकून पार कऱ्हाडच्या पुढे जाण्याइतकं ते आहे. एवढ्या लांबून मारायचं तर आधी कुणीतरी बघायला हवं, आणि विमानाच्या नाकातल्या रडारला तेवढं दिसत नाही. म्हणून मागे, सुरक्षित अंतरावर, पाठीवर मोठं रडार घेतलेलं एक विमान घिरट्या घालतं. ते बघतं आणि पुढच्यांना सांगतं. याला टेहळणी विमान म्हणू.

अंधारात दोन माणसं भांडताहेत आणि एकाचा भाऊ गच्चीवर बॅटरी घेऊन उभा आहे, तर कोण जिंकेल? आपल्याकडे गच्चीवरचे भाऊ मोजकेच आहेत: रशियन विमानावर इस्रायली रडार बसवलेली तीन ‘फाल्कन’ आणि आपल्या डीआरडीओची दोन-तीन छोटी ‘नेत्र’. एवढ्यांत पश्चिमेची आणि उत्तरेची सीमा चोवीस तास बघायची. एक विमान दुरुस्तीला गेलं की मोठा पट्टा अंधारात.

४२ स्क्वाड्रनच्या यादीत ही विमानं धरलेली नाहीत. ती यादी फक्त लढणाऱ्यांची आहे.

“मग लाखभर ड्रोनच घ्या की!”

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो बाळबोध नाही. युक्रेनच्या युद्धात इराणी बनावटीच्या शाहेद ड्रोनची किंमत वीस ते पन्नास हजार डॉलर असावी असा अंदाज आहे. ते पाडायला पॅट्रियट क्षेपणास्त्र वापरलं तर एकेकाचे चाळीस लाख डॉलरच्या आसपास. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात तेही इथे थिटं पडतं. शत्रूने फक्त कोंबड्या सोडत राहायचं, आपला मसाला संपेपर्यंत.

पाकिस्तानने ८ आणि ९ मे २०२५ च्या मधल्या रात्री ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं भारत सरकारने सांगितलं. त्यातले बरेच कशाने पडले? जुन्या विमानवेधी तोफांनी. एल-७० ही तोफ मूळची बोफोर्सची, कित्येक दशकं जुनी, पण तिला नवं रडार आणि नवी दृष्टी जोडली होती. सोबत संदेशवहन बिघडवणारी जॅमर यंत्रं. म्हणजे कोंबडीला कोंबडीच्याच भावात उत्तर दिलं गेलं. मला त्या सगळ्या चार दिवसांतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. ज्या तोफा मोडीत काढायला हव्या होत्या असं अनेकांना वाटत होतं, त्याच उपयोगी पडल्या.

पण विमानांच्या जागी ड्रोन, हे समीकरण तरीही जमत नाही. युक्रेनच्या आघाडीवर ड्रोन एवढे माजले याचं एक कारण असं की तिथे कोणत्याच हवाई दलाला आकाश ताब्यात घेता आलं नाही. दोन्हीकडची विमानवेधी क्षेपणास्त्रं इतकी दाट की विमानं मागेच राहिली, आणि मोकळी राहिलेली खालची हवा ड्रोनने भरली. हे विमानांना पर्याय सापडल्याचं लक्षण नव्हे, विमानं अडकून पडल्याचं आहे. शिवाय स्वस्त ड्रोन सावकाश उडतो, थोडा दारूगोळा नेतो आणि सिग्नल तुटला की भरकटतो. डोंगराआडच्या पक्क्या बंकरवर अर्धा टन बॉम्ब टाकायचा तर आजही विमान किंवा मोठं क्षेपणास्त्रच लागतं.

यापुढे दोन्ही लागतील, हे उत्तर कंटाळवाणं आहे, पण खरं आहे. अडचण अशी की पैसे एकाच पाकिटातून जातात.

जमिनीवर उभं असलेलं विमान

या विषयाबद्दल फारच कमी बोललं जातं, म्हणून इथे जरा थांबतो.

विमान हवेत असतं तेव्हा ते जगातल्या महागड्या शस्त्रांपैकी एक असतं. जमिनीवर असतं तेव्हा ते पत्र्याचं, इंधनाने भरलेलं पिंप असतं. ५ जून १९६७ ला इस्रायलने सकाळच्या काही तासांत इजिप्तची तीनशेच्या आसपास विमानं संपवली, बहुतेक जमिनीवरच. इजिप्तचे वैमानिक कसे होते, विमानं किती चांगली होती, हे प्रश्न उरलेच नाहीत.

हा धडा आपल्याला त्याच्या दोन वर्षं आधीच मिळाला होता. ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटवर हल्ला केला आणि उघड्यावर उभी असलेली दहाच्या आसपास विमानं जाळली. त्यात नवीकोरी दोन मिग-२१ होती. होय, तीच. दुसऱ्या दिवशी पूर्वेकडे कलाईकुंडालाही तेच झालं. त्यानंतर हवाई दलाने विमानांसाठी मातीच्या आणि काँक्रीटच्या भिंती, आडोसे बांधले, विमानं विखरून ठेवली. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने पुन्हा अनेक तळांवर अचानक हल्ला केला, तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही. शत्रू तोच आणि डावही तोच, फरक होता त्या भिंतींचा.

आता हाच प्रश्न नव्या रूपात आला आहे. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनने दोन छोटे स्फोट घडवले. नुकसान किरकोळ, एका इमारतीचं छत फुटलं. त्या बातमीला आपण तेव्हा दोन दिवस दिले. मग १ जून २०२५ ला युक्रेनने रशियात काय केलं? ट्रकवर लाकडी खोल्या चढवल्या, ट्रक रशियातल्या हवाई तळांच्या जवळ नेले, छतं उघडली आणि आतून ड्रोन उडवले. युक्रेनच्या सांगण्यानुसार एकूण ११७. त्यातला एक तळ सैबेरियात, युक्रेनच्या सीमेपासून चार हजारांहून अधिक किलोमीटरवर होता. जी लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं जळली त्यांचं उत्पादन कधीच बंद झालं आहे. पैसे असले तरी ती परत मिळत नाहीत.

सीमेपासून लांब म्हणजे सुरक्षित, हा समज त्या दिवशी मोडला. देशाच्या पोटात असलेल्या तळालाही आता छत, जाळी, तोफ आणि जॅमर हवेत. वर कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर थांबलेल्या ट्रककडे कोण बघतं, हवाई दल की स्थानिक पोलीस, हेही ठरलेलं हवं. हे काम काँक्रीटचं आणि कुंपणाचं आहे, राफेलच्या तुलनेत कवडीमोलाचं. पण ते कोणाच्या स्वप्नात येत नाही.

“चीनकडे दोन हजार विमानं आहेत, त्याचं काय?”

आहेत, त्या घरात आहेत. आणि २०१७ पासून त्यांच्याकडे रडारला सहज न दिसणारं जे-२० सेवेत आहे. पण सगळी आपल्यावर येऊ शकत नाहीत, कारण मध्ये तिबेट आहे.

उंचावर हवा विरळ असते. आपल्याला लेहला उतरल्यावर जिना चढताना धाप लागते, तसंच इंजिनाचं आणि पंखांचं होतं: जोर कमी मिळतो, धावपट्टी जास्त लागते, म्हणून इंधन किंवा शस्त्रं यांतलं काहीतरी कमी न्यावं लागतं. तिबेटमधल्या शिगात्सेचा विमानतळ ३,७०० मीटरहून उंच आहे. आपलं आसाममधलं तेजपूर समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही नाही. तिथून सुखोई पोटभर इंधन आणि शस्त्रं घेऊन उडतं. निसर्गाने दिलेली ही सवलत मोठी आहे.

फक्त ती कायमची नाही. लांब धावपट्ट्या, पक्के निवारे, हवेत इंधन भरणारी विमानं आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं या चार गोष्टींनी ती हळूहळू झिजते, आणि चीन या चारही गोष्टी करतो आहे.

“बाहेरून तयार विमानं का आणत नाही?”

आणली की. २००७ मध्ये १२६ विमानांची निविदा निघाली. २०१२ मध्ये राफेलची निवड झाली, घोडं किंमतीवर आणि भारतात बनवण्याच्या अटींवर अडलं, आणि शेवटी २०१६ मध्ये ३६ विमानांचा करार झाला. पहिली पाच अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२० ला. गरज १२६ ची, लागली तेरा वर्षं, आणि त्या दिवशी हातात पाच. परदेशी खरेदी झटपट होते असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब एकदा बोटांवर मोजावा.

मग स्वदेशी? तेजसला मंजुरी १९८३ ची, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ चं, पहिली स्क्वाड्रन २०१६ ची. सुधारित तेजस मार्क-१ए चे दोन करार झाले आहेत, २०२१ मध्ये ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ९७. मिळून १८०. पहिलं विमान मार्च २०२४ मध्ये मिळायचं होतं, पण त्याचं अमेरिकी इंजिनच मार्च २०२५ पासून यायला लागलं. विमान आपलं, हृदय दुसऱ्याचं. स्वतःचं कावेरी इंजिन आपण १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलं होतं. तेजसला पुरेल इतका जोर त्याला मिळाला नाही, तेव्हा दोघांची फारकत झाली.

एक दिलासा नाशिकजवळून आला. ओझरच्या ज्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) कारखान्यात मिग-२१ बनायची, त्याच्या वसाहतीला लोक आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. तिथल्या नव्या उत्पादन साखळीतून १७ ऑक्टोबर २०२५ ला तेजस मार्क-१ए उडालं. मिग-२१ ला निरोप देऊन तेव्हा बरोबर तीन आठवडे झाले होते. नाशिक आणि बंगळूरू मिळून वर्षाला २४ विमानं बनवायची क्षमता आहे. त्या वेगाने १८० विमानांना साडेसात वर्षं लागतील, तीही इंजिनं वेळेवर आली तर.

आता खरी मेख. १८० विमानं म्हणजे दहा स्क्वाड्रन, मग २९ अधिक १० म्हणजे ३९, असं वाटेल. पण त्याच काळात जग्वार, मिराज आणि मिग-२९ निवृत्तीकडे जाताहेत, साधारण डझनभर स्क्वाड्रन. टाकी भरतोय तेवढीच खालून गळतेय. म्हणूनच हवाई दलप्रमुख वर्षाला ३५ ते ४० विमानं हवीत असं सांगतात. पाचव्या पिढीचं स्वदेशी ‘अ‍ॅम्का’, ज्याच्या आराखड्याला मार्च २०२४ मध्ये १५,००० कोटी मंजूर झाले, ते २०३५ च्या आसपास. तोवर ४२ दिसणार नाही. हे कडू आहे, पण आत्ताच गिळलेलं बरं.

पैसे एक, दावेदार अनेक

२०२५-२६ चं संरक्षणाचं बजेट ६.८१ लाख कोटींचं. पगार, पेन्शन आणि रोजचा खर्च वजा जाता तिन्ही दलांच्या नव्या खरेदीला साधारण १.८० लाख कोटी. तेजसचा नुसता दुसरा करारच ६२,३७० कोटींचा आहे, अर्थात अनेक वर्षांत विभागलेला. यातून विमानं, क्षेपणास्त्रं, ड्रोन, तोफा, निवारे, सगळं भागवायचं.

मला विचाराल तर क्रम असा लावेन. जी विमानं दारात उभी आहेत ती उडती ठेवणं आणि त्यांच्यासाठी अस्त्रसारख्या स्वदेशी क्षेपणास्त्रांची कोठारं भरणं आधी, कारण याचा परिणाम दोन वर्षांत दिसतो. तळांचे निवारे त्याच्या बरोबरीने, कारण ते स्वस्त आहेत आणि नसले तर बाकी सगळं व्यर्थ. मग टेहळणी विमानं. तेजसची साखळी या सगळ्यात थांबता कामा नये, थांबली तर दहा वर्षांनी पुन्हा हीच चर्चा करत बसू. याला एक आक्षेप रास्त आहे: आजच्या दुरुस्तीत पैसे घातले की उद्याचं अ‍ॅम्का मागे पडतं. पडेल थोडं. पण २०३५ च्या विमानाने २०२८ ची लढाई लढता येत नाही.

यादीत एक गोष्ट राहिली, हवेत इंधन भरणारे टँकर. एका टँकरमुळे तेच सुखोई कितीतरी जास्त वेळ हवेत राहतं. आपल्याकडे सहा आहेत, २००३ पासून आलेले, आग्र्याच्या तळावर. नवीन घ्यायचे म्हणून दोनदा एअरबसचं विमान निवडलं आणि दोनदा प्रस्ताव गुंडाळला. २०२५ मध्ये एका खासगी परदेशी कंपनीचा टँकर भाड्याने आणला, वैमानिकांच्या सरावासाठी. ४२ च्या हिशेबात त्या सहांची नोंद नाही. भाड्याच्या सातव्याची तर नाहीच नाही.